निनावी निबंध

निबंधाचे अकरावे पान संपले तशा प्राध्यापकबाई उठल्या, बसल्या आणि पुन्हा उठल्या.

"बस की जरा," आई म्हणाली. "खुर्चीला काटे आलेत का?"

"आई, हे लिहिणारीने मला पार उताणी पाडलीय!" येरझाऱ्या घालताना बाईंचा धक्का लागून टेबलावरचा आईचा फोन खाली पडला.

"हळू! नवा आहे तो."

"असू दे गं. तुला माझ्याशिवाय फोन करतंय कोण?"

"कुणी नाही," म्हणत आईने फोन उचलून पुसला.

आई ब्याऐंशी वर्षांची. आयुष्यभर कचेरीत टंकलेखिका होती. लेकीची सहाही पुस्तके तिनेच टाइप केली होती. प्रत्येक वेळी अभिप्राय एकच: छान आहे.

निबंध एका नियतकालिकाच्या संपादकांनी तपासायला पाठवला होता, नावाशिवाय. तशी रीतच होती. तपासणाऱ्याला लेखक कळायचा नाही, लेखकाला तपासणारा. बाई 'छापा' म्हणाल्या तर छापणार, 'नको' म्हणाल्या तर परत.

आणि निबंध होता बाईंच्याच पहिल्या पुस्तकावर. धर्माच्या तत्त्वज्ञानात बाईंचे नाव झाले ते त्या पुस्तकामुळे. प्रार्थना पुरुषांनी रचल्या. त्या म्हणणारी बाई उसने शब्द बोलते, ती स्वतः गप्पच असते, असे त्यांनी त्यात मांडले होते. पुढची पाच पुस्तके त्याच एका खांबावर उभी होती. महिन्याभरात नवी आवृत्ती निघायची होती.

"ऐक. 'अंगाई कुणी रचली हे कोणतीच आई विचारत नाही. गाते तेव्हा ती तिचीच असते. मग प्रार्थनाच तेवढी उसनी कशी?' इतकी साधी गोष्ट! तीस वर्षांत मोठमोठे पंडित माझ्या अंगावर आले, हवेत तलवारी फिरवून गेले. कुणाला हे सुचलं नाही. आणि पुढे बघ: 'लेखिकेने प्रार्थना करणाऱ्या बायका दुरून पाहिल्या. एकीलाही विचारले नाही.'"

"खरंय का ते?"

"खरंय ना! म्हणून तर झोंबलं." बाईंनी हात उडवला आणि चहा सांडला. आईने फडके आणले. "आणि हिला मी ओळखलंय. आमची मिरची!"

"ती तुझी विद्यार्थिनी? भांडून गेलेली?"

"तीच. दुसऱ्या कुणाची ही ताकद नाही."

"नसेल," आई म्हणाली. टेबल पुसून झाले तरी ती पुसतच राहिली. "मग नको म्हणून कळवून टाक. कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल."

"आणि पुस्तकाचं काय? एवढं कमावलेलं नाव?"

"राहील तेवढं राहील. अगं, कुणीतरी असं समोरासमोर भिडावं म्हणून तर इतकी वर्षं लिहिलं. तू आपली दरवेळी छान म्हणून मोकळी!"

रोज सकाळी प्रार्थनेच्या वेळी हलायचे तसे आईचे ओठ नुसते हलले. मग फडके आणि फोन उचलून ती आत गेली.

बाईंनी लगेच संपादकांना फोन लावला.

"छापा. एक शब्दही कापू नका. आणि माझ्या नव्या आवृत्तीला प्रस्तावना म्हणून मला हाच निबंध हवाय. परवानगी विचारा."

"बाई, अहो, हा तुमच्याच विरुद्ध आहे."

"म्हणूनच तर!"

संपादक मोठ्याने हसले. "धन्य आहे तुमची. लेखकाशी मी अजून बोललेलो नाही. निबंधासोबत नुसता नंबर आलाय. संध्याकाळी कळवतो."

"संध्याकाळी कशाला? आत्ता लावा! आणि आनंदाने किंचाळली का, ते मला सांगा."

"बरं, बरं. हा लावलाच."

बाई खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. मिरचीला पहिले वाक्य काय म्हणायचे, ते त्या मनात जुळवू लागल्या.

आतल्या खोलीत आईचा फोन वाजला.