ट्रेलरची अदलाबदल

शेठनी नवा, गोल तोंडाचा ट्रेलर माझ्याबरोबरच्या निवृत्ती ड्रायव्हरला दिला, तेव्हापासून मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. वारा कमी अडतो, म्हणून डिझेल वाचतं म्हणे. त्याच्या गाडीचं ॲव्हरेज वाढलं आणि माझं, बायको गेल्यापासून, घसरतच होतं.

"नुसती ट्रेलरची कमाल आहे," मी शेठशी भांडलो. "महिनाभर मला द्या. मग बघू."

शेठ तयार झाले. ज्याचं ॲव्हरेज जास्त, त्याचा नवा ट्रेलर, असं ठरलं. आम्ही दोघांनी ट्रेलर बदलून महिनाभर पुणे-कोल्हापूर फेऱ्या मारल्या. काल पंपावर शेठसमोर दोन्ही टाक्या काठोकाठ भरून बघितल्या. माझ्या जुन्या, खोक्यासारख्या ट्रेलरवरही निवृत्तीच पुढे होता.

"अण्णा, घाटात आणि टोलच्या रांगेत सगळे ट्रेलर सारखेच," तो म्हणाला. "मोकळ्या रस्त्यावर तुम्ही ऐंशीनं पळवता. वाचलेलं डिझेल तिथंच जातं. मी पंचावन्नच्या वर जात नाही."

"एवढा शहाणा कधी झालास?"

"मी कुठला! बायकोनं शपथ घातलीय. जेवायला थांबलो की फोन करून विचारते, किती वेगानं आलात? वैताग नुसता."

दोन वर्षांपूर्वीपर्यंत मलाही असा फोन यायचा.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्यानं नाव बघितलं, तोंड वाकडं केलं आणि फोन तसाच खिशात टाकला.

"उचल की रे!" मी असा ओरडलो, की शेठसुद्धा दचकले.