तिसरा टॉवेल

लेकीला कुत्रं हवं होतं आणि आईला कुत्र्याच्या केसांनी शिंकांची माळ लागायची. म्हणून प्राण्यांच्या निवाऱ्यातल्या बाईंनी तीन कुत्र्यांची अंगं पुसलेले तीन टॉवेल दिले. रोज एक उशाशी घ्यायचा. जो सोसेल, ते कुत्रं आपलं.

"आई, शपथ आहे, शिंकायचं नाही हं!" लेकीने दम भरला.

सोमवार, मंगळवार सुखाने गेले. बुधवारी नवरा, दर बुधवारसारखा, मीटिंग आटोपून उशिरा आला, शर्टासकट शेजारी आडवा झाला. तिच्या डोळ्यांना जी धार लागली, ती सकाळपर्यंत.

शनिवारी तिघं निवाऱ्यात गेली. "तिसरं तेवढं नको," ती म्हणाली.

बाई हसल्या. "अहो ताई, तिसरा टॉवेल धुतलेला, कोरा होता! मनाची भीती किती आणि खरा त्रास किती, हे कळावं म्हणून न सांगता देतो आम्ही."

लेक टाळ्या पिटत पिंजऱ्यांकडे पळाली. नवरा वाकून बुटाची नाडी बांधू लागला. तिला ना राग आला, ना रडू.



"अहो," ती हळूच म्हणाली, "बुधवारी जिच्याकडे जाता, तिचं कुत्रं कुठल्या जातीचं आहे? तेवढी सोडून कुठलंही घेऊ."