राज्यपालांची पहिली केस

मुख्यमंत्र्यांनी पुन्हा नाही म्हटलं, तेव्हा राज्यपालांनी खिशातून राजीनामा काढून टेबलावर ठेवला. त्या कैद्याच्या माफीची शिफारस पाठवा, नाहीतर हा आजच राष्ट्रपतींकडे जाईल, असं ते शांतपणे म्हणाले. निवडणूक तोंडावर आलेली. मुख्यमंत्र्यांनी कपाळाला हात लावला आणि शिफारस पाठवून दिली.

त्या कैद्याचा खटला ही राज्यपालांच्या वकिलीतली पहिली केस. ऑफिस जिन्याखाली, काळा कोट उसना. बायकोच्या खुनाचा आरोप असलेल्या त्या तरुणाचं वकीलपत्र घ्यायला कुणी पुढे येईना, ते यांनी घेतलं. त्याची आई लहानग्या नातीला कडेवर घेऊन साक्षीला उभी राहिली. पोरगा तापानं फणफणला होता, मी त्याच्या उशाशी बसून होते, असं तिनं शपथेवर सांगितलं. सरकारी वकिलानं तिची पार भंबेरी उडवली. मुलाला मरेपर्यंत कैद झाली.

पुढे यांचा जम बसला. आमदारकी आली, मंत्रिपद आलं, शेवटी राजभवन. पण ती सल काही जाईना. जेवता जेवता हातातला घास हातातच राहायचा. एक निर्दोष माणूस आपल्या कच्चेपणामुळे आत सडतोय, हे त्यांच्या मनानं घेतलं होतं. बायको म्हणायची, किती जाळून घ्याल स्वतःला? ते ताटावरून उठून जायचे.

त्यात ती आई. राजभवनाच्या फाटकाशी येऊन उभी राहायची. शिपाई म्हणायचे, काय ते अर्जात लिहून द्या. ती म्हणायची, लिहिण्यासारखं नाही, साहेबांनाच सांगायचंय. हाती काही नसताना तिला कोणत्या तोंडानं भेटायचं? राज्यपाल मागच्या दारानं निघून जायचे.

आज ती आली, तेव्हा ते स्वतः उठून दारापर्यंत गेले.

ती खुर्चीच्या कडेला टेकली. कंबरेत वाकली होती, चालून चालून धाप लागली होती. पुढे केलेल्या चहाला तिनं हात लावला नाही.

"साहेब, माफीचं कानावर आलं. तेवढ्यासाठीच धावत..."

"मावशी, आता हात जोडू नका." ते तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले. "झालं तुमचं काम. सकाळीच सुटला तो. माझ्याच गाडीनं घरी पाठवलाय. एव्हाना पोचलाही असेल."

ती घाईनं उठायला गेली, तसा तिचा तोल गेला. त्यांनी सावरायला हात पुढे केला. तो तिनं घट्ट धरला.

"घरी नात एकटी आहे," ती म्हणाली. "तिच्या आईला त्यानंच मारलं, साहेब. अख्ख्या कोर्टात माझं खोटं फक्त तुम्हालाच पटलं होतं."