मुका गिअरबॉक्स

भागीरथाबाईंच्या जुन्या ट्रकमधला विचित्र आवाज गुलाम नबी मिस्त्रींनी अखेर शोधून काढला. गिअरबॉक्सचं बेरिंग गेलं होतं. नवं टाकलं आणि ट्रक मुका झाला. बाजार उठायच्या आत अकोल्याला पोचायचं, म्हणून वरूडहून संत्रा भरून बाई स्वतःच ड्रायव्हरशेजारी बसल्या. वरूड सुटलं, तसं केबिनमध्ये कोणीतरी कण्हू लागलं.

"धर्मपाल, तू काहून कण्हून राहिला रे?"

"बाई, दुसरा गिअर आहे."

"मिस्त्रीनं आवाज बंद केला ना?"

"म्हणून तर मले काढा लागते. इतकी वर्षं आयकूनच गिअर टाकले. आता कवा बदलाचा, कसं समजन?"

बाईंनी त्याला गप्प बसवलं. पुढच्याच चढावर ट्रक बंद पडला. मागून हॉर्न वाजू लागले.

"कण्ह बापा," बाई म्हणाल्या.

धर्मपाल कण्हला, ट्रक हलला. पण मूर्तिजापूर मागे पडेस्तोवर त्याचा घसा पार बसला.

"बाई, चौथ्याचा आवाज आता तुमी काढा."

बाईंनी पदर सावरला, आपल्या बाजूची काच वर केली आणि विचारलं, "चढावरचा काढू, का सपाटीवरचा?"