एका कॉलरला एक उत्तर

कॉलरी शिवणाऱ्या मुलीनं पुस्तक टेबलाखाली सरकवेपर्यंत मुकादमबाईंचा हात पुढे आलाच.

"दे इकडे."

शर्टाच्या कारखान्यात बाईंचा नियम एकच. टेबलावर कापड, कात्री आणि दोरा. चौथी वस्तू दिसली की ती काचेच्या केबिनमध्ये जमा, सुटी झाल्यावर परत. त्यामुळे ते उशीएवढं जाड जीवशास्त्र रोज सकाळी आठला तिच्या हातून जायचं आणि संध्याकाळी सहाला यायचं. वर पानांचे कोपरे दुमडलेले. तिनं कधीच न दुमडलेले. द्यायचं तर धड द्यावं, पण नाही, माणसाचा स्वभाव!

"डॉक्टरीणबाई, तुमचा दवाखाना आजही जप्त," शेजारच्या मशीनवरून काजं करणारी म्हणाली आणि सगळी रांग फिसकन हसली.

तीही हसली. हसण्यावारी नेलं नसतं तर दोन वर्षं निघाली नसती. गेल्या साली वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा थोडक्यात हुकली होती. यंदा आईनं तिला बजावलं होतं, नोकरी सोडायची नाही आणि हट्टही सोडायचा नाही. मायलेकी पहाटे साडेचारला उठत. आई चहा ठेवी, ही दहा पानं वाची. आणि मग दिवसभर मशीनवर बसून त्या दहा पानांचं रवंथ. एका कॉलरला एक उत्तर. कॉलरचं टोक वळेपर्यंत उत्तर आलं पाहिजे, नाही आलं तर ती कॉलर आपली नाही, असा तिचा स्वतःशीच पण होता.

मशीनला ताल असतो. ताल आला की शब्द आपोआप त्यावर बसायला येतात, तारेवर चिमण्या बसाव्यात तसे. एके दिवशी ती गुणगुणत होती:

डाव्या दारानं निघालं रक्त गावाला,
देत गेलं थोडं थोडं ज्याच्या नावाला,
निळं होऊन आलं उजव्या दाराला…

मागे पावलं थांबली. बाईंनी तिची तयार कॉलर उचलली, उजेडाकडे धरली.

"उजव्या दारातून पुढे कुठे?"

तिची सुई थांबली.

"फुप्फुसांकडे. तिथे लाल झाल्याशिवाय डावं दार उघडत नाही." बाईंनीच सांगून कॉलर टेबलावर टाकली. "टोक वाकडं आलंय. उसव."

बाई दूर गेल्यावर काजं करणारीनं खुलासा केला. बाईंचे वडील दम्यानं गेले, आठ वर्षं त्यांचं सगळं हिनंच केलं, फुप्फुसं तोंडपाठ असणारच की. पंचेचाळिशी आली, घरात दुसरं कुणी नाही, म्हणून आपल्यावर राग काढते. तिला ते पटलं. कॉलर उसवताना तिनं कडव्याला चौथी ओळ जोडली, आणि ती ओळ मग आयुष्यात कधी विसरली नाही.

परीक्षेचा रविवार आला आणि नेमकं त्याच दिवशी मोठ्या मालाचं काम निघालं. तिनं रजेचा अर्ज दिला. बाईंनी वाचला, घडी घालून परत केला. मालकांचा हुकूम होता, कुणालाही रजा नाही, आणि बाईंच्या हातात काही नव्हतं. आई म्हणाली, नोकरी गेली तर दुसरी मिळेल, वर्ष गेलं तर कुठून आणायचं? ती गेली. तीन तास पेपर असा सोडवला, जणू समोर कॉलरींचा ढीग आहे आणि संध्याकाळच्या आत संपवायचाय.

सोमवारी भीत भीत कामावर आली तर कुणी चकार शब्द काढला नाही. काजं करणारीनं कानाशी लागून सांगितलं, "नशीब काढलंस बाई. काल मुकादमीणही आली नाही. बारा वर्षांत पहिला खाडा. हजेरीच कुणी घेतली नाही."

निकालाच्या दिवशी तिनं फोनवर आपला नंबर तीनदा पाहिला, मग आईला पाहायला लावला, मग शेजारच्या काकूंना. प्रवेशाच्या यादीत नाव लागलं होतं. आई तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली.

आता एकच कागद उरला होता. महाविद्यालयाला कारखान्याचं पत्र हवं होतं, ही मुलगी नोकरीतून मोकळी झाली म्हणून. मुदत प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी पाचपर्यंत. आणि पत्रावर सही मुकादमबाईंची.

त्या दिवशी सकाळी ती अर्ज घेऊन केबिनमध्ये शिरली. काचेपलीकडे सगळ्या मशीनी एकेक करत गप्प झाल्या. काळीज असं धडधडत होतं की त्याचे चारही कप्पे वेगवेगळे मोजता आले असते.

बाईंनी अर्ज वाचला. पुन्हा वाचला. पेनला हात लावला नाही.

"माझी सही होणार नाही यावर."

"बाई, आज शेवटचा दिवस आहे हो."

"माहितेय मला."

"दोन वर्षं घालवलीत मी." तिनं अर्ज पुन्हा पुढे सरकवला. "तुम्हाला काय ठाऊक त्याचं?"

बाई उठल्या, खुर्चीवरची ओढणी घेतली.

"माझी सही आजपासून चालत नाही. मालकांचीच घ्यावी लागेल. चल वर, आणि हेही तूच दे त्यांना."

त्यांनी एक कागद तिच्या हातात दिला. तिला वाटलं, आपलाच अर्ज परत आला. वाक्यही तेच होतं: वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षाला प्रवेश मिळाल्यामुळे मला कामातून मोकळं करावं.

खाली सही मात्र मुकादमबाईंची होती.