आवाजाचा पत्ता

"ह्यो त्यो आवाज न्हाई," लालासाहेब म्हणाले.

संगणक एका बाईच्या सपाट सुरात उसाच्या बातम्या वाचत होता. भार्गवीने तो थांबवला. जुना विंडोजचा संगणक बंद पडल्यावर दुकानदाराने नवा, लिनक्सवर चालणारा बसवून दिला होता. तेव्हापासून हे असं. दुरुस्तीला ती सांगलीहून आली होती.

"आवाज आहे, काका. राजू नावाच्या फोल्डरमध्ये. मशीनला तो सापडत नाही, एवढंच."

"फौजंत नवा शिपाई बी चार दिसात सगळी बराक हुडकायचा. ह्येला एक राजू घावंना?"

भार्गवी हसली. "कुठं शोधायचं ते आधी एका ओळीत सांगून ठेवावं लागतं. विंडोजमध्ये फोल्डरच्या दोन पत्त्यांच्या मध्ये सेमीकोलन देतात, लिनक्समध्ये कोलन. दुकानदाराने जुनी ओळ तशीच उतरवली. मशीनला वाटतंय, हा सगळा एकच पत्ता. तसा पत्ता कुठंच नाही, म्हणून ते स्वतःचा आवाज काढतं."

लालासाहेबांची नजर गेली तेव्हा त्यांच्या मुलाने, राजूने म्हणजे राजवर्धनने, हा प्रोग्राम लिहिला होता. बापाला पेपर ऐकता यावा म्हणून कितीतरी संध्याकाळी बसून स्वतःचा आवाज त्यात भरला होता.

"तुमच्या मुलाला फोनवर विचारलं असतं तरी त्यानं सांगितलं असतं," भार्गवी म्हणाली.

"त्यो न्हाई आता."

चहा घेऊन आलेल्या लालासाहेबांच्या पत्नी अंजनाबाई दारातच थबकल्या. मग कप ठेवून बाहेर गेल्या.

भार्गवी ओशाळली. "माफ करा, काका. मला माहीत नव्हतं."

"ऱ्हाऊ दे. आमाला आता आवाजच उरलाय."

तिने ओळ नव्याने लिहायला घेतली. "राजूचा फोल्डर पहिला ठेवू? जिथं आधी सापडेल तिथंच मशीन थांबतं. पुढं बघत नाही."

"पयलाच ठेव. पुढचं बगायचंच न्हाई."

तिने प्रोग्राम पुन्हा सुरू केला.

"आबा, आजचा पेपर वाचतो," एक तरुण आवाज म्हणाला.

लालासाहेबांच्या गालावरून पाणी ओघळलं. त्यांनी ते पुसलं नाही. भार्गवीलाही भरून आलं. तिने मान वळवली.

अंजनाबाई घाईने आत आल्या. त्यांना धाप लागली होती.

"आवं, राजू आलाय. सुनंला घिऊन फाटकात उबा हाय. मनानं लगीन केलं म्हून किती दिस त्येला तोडायचं? आत बोलवू?"

लालासाहेबांनी खुर्ची संगणकाकडे सरकवली.

"पोरी," ते म्हणाले, "आवाज वाढीव."