कात्रीचा आवाज

आमच्या बर्गंडीत द्राक्षमळ्यातल्या खडीच्या वाटेवर सायकलवाला दिसला, की छाटणी करणारा माणूस हात वर करतो. तो नमस्कार असतो. पण परवा अँसेल्मकाकांनी दोनदा हात वर केला, तेव्हा हा नमस्कार नव्हे, हे मला कळलं होतं. चढावर लागलेली लय मोडायची नव्हती, म्हणून मी थांबलो नाही. संध्याकाळी ते वेलींखाली मेलेले सापडले.

“तू त्याच वाटेनं गेलास ना रे?” ऑडेटकाकूंनी विचारलं.

“मला नाही दिसले काका.”

आज खरं सांगून टाकायला निघालो. वाटेवर चिटपाखरू नव्हतं, तरी मागे छाटणीची कात्री वाजत होती. मी थांबलो, की तीही थांबे.

फाटकाशी उतरलो. काकू माझ्या खांद्यावरून मागे बघत म्हणाल्या, “अहो, हात खाली घ्या आता. थांबलाय तो.”